प्राध्यापकाचा पगार आणि प्राध्यापकाचा शब्द



दिल्लीत मुनिरक्यात मंडळाने भरवलेली ही व्याख्यानमाला एका प्राध्यापकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून मी विषयही प्राध्यापकाचाच निवडला आहे, आणि तो दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांतल्या प्राध्यापकाचा. पहिले महायुद्ध संपले १९१८ च्या नोव्हेंबरात. दुसरे सुरू झाले १९३९ च्या सप्टेंबरात. या काळातल्या राजकारणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. असहकार, सायमन, गोलमेज, पुणे करार, प्रांतिक निवडणुका या गोष्टी शाळकरी मुलांनाही पाठ असतात. पण त्या वादांत बोलणारा माणूस सकाळी कुठे कामाला जात होता, महिनाअखेर त्याच्या हातात किती पैसे येत होते, घरात किती माणसे होती, आणि वर्गाबाहेर तोंड उघडल्यावर नोकरीचे काय होत होते, हे आपण क्वचित विचारतो. मला आज तेच विचारायचे आहे. माझे म्हणणे असे की त्या काळात प्राध्यापकाचा सार्वजनिक शब्द किती मोकळा असेल, हे त्याच्या धैर्याइतकेच त्याच्या पगाराचा मालक कोण यावरही ठरत होते. धैर्य असणाऱ्यांनी मालक बदलला, नाव झाकले, किंवा नोकरी सोडली. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याची किंमत घरातल्या आणखी कुणीतरी मोजली.

१९१८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे युरोपात तोफा थांबल्या त्याच महिन्यात, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सत्तावीस वर्षांचे एक प्राध्यापक रुजू झाले. विषय राजकीय अर्थशास्त्र, नेमणूक तात्पुरती, पगार महिना साडेचारशे रुपये. कॉलेज १९१३ साली निघालेले, सरकारी, व्यापारशिक्षणासाठी नावाजलेले. प्राध्यापकांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण झालेले होते; लंडनमधला अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागले होते. मधल्या वर्षभरात बडोद्याची नोकरी झाली होती, आणि राहायला जागा न मिळाल्यामुळे ती सोडावीही लागली होती. मुंबईत खासगी शिकवण्या करून पाहिल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा उद्योग करून पाहिला. सल्ला देणारा कोण आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले.

अशा माणसाला साडेचारशे रुपये म्हणजे काय होते, याचा विचार करा. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या. त्यात पत्नी रमाबाई, मुलगा यशवंत, दिवंगत थोरल्या भावाचे कुटुंब. या पगारातून घर चालवायचे आणि लंडनला परत जाऊन अभ्यास पुरा करण्यासाठी पैसे साठवायचे. प्राध्यापकाच्या पगारात त्या काळी ज्याला बऱ्यापैकी म्हणतात तसे राहता आले असते. या घराने तसे राहायचे नाही असे ठरवले. ठरवले कुणी, तर कमावत्याने. आणि निभावले कुणी, तर रमाबाईंनी. ठरावीक रकमेत महिना काढणे हे त्यांचे काम होते. आपल्या बौद्धिक इतिहासात या कामाची नोंद एखाद्या हळव्या परिच्छेदापुरती होते. मला ते अर्थशास्त्राचे काम वाटते. पुढे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने १९२३ साली जो प्रबंध छापला गेला, त्यामागचे पहिले भांडवल परळच्या त्या दोन खोल्यांत साठले. पुरले नाही, तेव्हा नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली.

वर्गात काय झाले? सुरुवातीला विद्यार्थ्यांनी या प्राध्यापकांकडे गांभीर्याने पाहिले नाही. हा माणूस आपल्याला काय शिकवणार, असा भाव होता. काही आठवड्यांत तो ओसरला. तयारी, वाचन आणि मांडणी यांचा असा परिणाम झाला की दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. मुले बदलली. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र पाण्याचे भांडे होते, आणि त्यातले पाणी आंबेडकरांनी घेऊ नये असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होते. धनंजय कीरांनी चरित्रात ही गोष्ट नोंदवली आहे. मी या दोन गोष्टी मुद्दाम शेजारी ठेवतो. वर्गात विद्वत्तेला मान मिळत होता, आणि तास संपवून शेजारच्या खोलीत गेल्यावर पाणी नाकारले जात होते. विद्यार्थी बदलायला काही आठवडे पुरले. ज्यांच्या पदव्यांनी त्यांना सर्वांत आधी शहाणे करायला हवे होते, ते सहकारी मागे राहिले. शिक्षकांच्या सभेत मी हे वाक्य नेहमी मोठ्याने म्हणतो, कारण ते आपल्याबद्दल आहे.

आता राजकीय वाद. १९१९ हे वर्ष सुरू झाले तेव्हा माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या तयारीत मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी साउथबरो समिती हिंडत होती. जानेवारीत आंबेडकरांनी तिच्यापुढे साक्ष दिली. अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी हवेत, ही मांडणी एका प्राध्यापकाने आकडे आणि कारणे देऊन केली. त्याच महिन्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांचे एक पत्र आले. सही होती ‘एक महार’ अशी. कॉलेजात मस्टरवर ज्याचे पूर्ण नाव आहे, तो वर्तमानपत्रात जातीच्या नावाने सही करतो. सरकारी नोकराला राजकारणात उघड भाग घेण्याची मुभा नव्हती. या निनावीपणाचे एक कारण त्यातच असावे असे मी समजतो. पण ती सही वाचणाऱ्याला आणखी काही सांगून जाते: बोलणारा एकटा नाही.

मग ‘मूकनायक’. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. अग्रलेख आंबेडकरांचे, आखणी त्यांची, पण संपादक म्हणून नाव छापले गेले पांडुरंग नंदराम भटकरांचे. सिडनहॅमच्या प्राध्यापकाला आपले नाव घालता आले नसते. आपण आज ‘मूकनायक’ला आंबेडकरांचे पहिले पाक्षिक म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. तरी त्या अंकावर त्यांचे नाव नाही आणि ते का नाही, हे प्रत्येक पत्रकारितेच्या वर्गात सांगायला हवे. त्यानंतर काही आठवड्यांत, मार्चमध्ये, त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली. २१ आणि २२ मार्चला कागल संस्थानातल्या माणगावच्या परिषदेत ते अध्यक्ष म्हणून उघडपणे उभे राहिले. शाहू महाराज तिथे होते. जुलैत लंडनची बोट.

हा क्रम मला फार बोलका वाटतो. पगार आहे तोवर सही दुसऱ्याची. पगार सुटला की व्यासपीठावर नाव आणि चेहरा दोन्ही.

लंडनहून ते १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. वकिलीत पैसा लगेच आला नाही. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा अर्धवेळ शिकवत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर तासिका तत्त्वावर. नेमक्या याच काळात महाडचा सत्याग्रह झाला, २० मार्च १९२७ ला. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले आणि या वेळी संपादक म्हणून त्यांचेच नाव होते. अर्धवेळ शिकवणी, कमी पैसे, खासगी संस्था. पण लेखणीवर सरकारी नियमांचा लगाम नाही. सुरक्षित नोकरी आणि मोकळा शब्द यांतला हा हिशेब त्या माणसाने सात वर्षांत दोनदा केला आणि दोन्ही वेळा शब्दाच्या बाजूने केला. त्याच वर्षी ते मुंबई कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि तिथे त्यांच्या सुरुवातीच्या भाषणांतले एक शिक्षणाच्या खर्चावर होते.

शिक्षक म्हणून त्यांनी काय विचार केला, हे आपण विसरतो. ऑगस्ट १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणा समितीला त्यांनी लेखी निवेदन दिले. परीक्षा घेणे आणि पदव्या वाटणे एवढ्यावर विद्यापीठाने थांबू नये. शिकवणे आणि संशोधन यांची फारकत करू नये. ज्याने स्वतः शोध घेतला आहे त्यानेच पदवीच्या वर्गालाही शिकवावे, असा त्याचा आशय. शंभर वर्षे झाली. इथून हाकेच्या अंतरावर जे विद्यापीठ आहे, त्याच्या ग्रंथालयाला आंबेडकरांचे नाव आहे. त्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलांनी ते निवेदन वाचलेच पाहिजे, कारण ते त्यांच्याच दिवसाबद्दल लिहिले आहे.

जून १९२८ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले. पुन्हा सरकारी कॉलेज, आणि या वेळी वादाची दिशा उलटी. देशभर सायमन कमिशनवर बहिष्कार होता. आंबेडकरांनी कमिशनला मदत करणाऱ्या प्रांतिक समितीत काम केले, साक्ष दिली. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्यांचा आवाज कधी ऐकला गेला नाही, त्यांनी बोलण्याची संधी का सोडावी? लॉ कॉलेजातले विद्यार्थी खवळले आणि त्यांच्या तासावर बहिष्कार टाकला गेला. म्हणजे प्राध्यापकाच्या शब्दावर वरून सरकारचा दाब आणि समोरून विद्यार्थ्यांचाही. मला त्या विद्यार्थ्यांबद्दल रागाने बोलायचे नाही. त्यांच्या देशप्रेमात खोट नव्हती. पण वर्गात बसून प्रश्न विचारता आला असता, आणि उत्तर देण्यात त्या प्राध्यापकाची बरोबरी करणारे त्या शहरात फार थोडे होते. ती संधी त्यांनी स्वतःच दवडली.

जून १९३५ मध्ये ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. रमाबाई काही दिवसांपूर्वीच, २७ मे रोजी, गेल्या होत्या. त्या नेमणुकीचे कागद ज्या घरात आले त्या घराची अवस्था काय असेल! चारच महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पुढच्या वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष, १९३७ साली निवडणूक, कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक. हे सगळे प्राचार्यपदावर असताना. १९१९ साली ‘एक महार’ अशी सही करणारा माणूस आता सरकारी कॉलेजच्या खुर्चीवर बसून देश ढवळून काढतो. मधल्या सोळा वर्षांत काय बदलले? माझ्या मते, त्यांच्या पोटाचा आधार एका पगारावर उरला नव्हता. बॅरिस्टरी होती, हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी बांधलेले ‘राजगृह’ होते, पाठीशी चळवळ होती. मालक एक असला की तो गप्प करू शकतो.

आता दुसरे प्राध्यापक. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक. वडिलांनी विधवेशी लग्न केले म्हणून समाजाने घराला वाळीत टाकले होते. मुलाने त्याहून अवघड विषय घेतला. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. तेव्हा अशा केंद्राची कल्पना इंग्लंडातसुद्धा नवी होती. ते शिकवत होते ते विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. हे काम आणि ही नोकरी एकत्र चालणार नाही असे दिसल्यावर १९२५ साली कर्व्यांनी राजीनामा दिला. इथे सरकारचा कायदा आड आला नाही, वर्गातल्या गणिताबद्दलही कुणाची तक्रार नव्हती. संस्थेच्या नीतिकल्पनांशी प्राध्यापकाचे विचार जुळत नव्हते, एवढेच कारण.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. तोट्यात. घर चालले ते बरेचसे पत्नी मालतीबाईंच्या कष्टावर. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता आणि समाजाने त्याबद्दल बोट दाखवले ते बहुधा बाईकडेच. अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’मुळे आणि अजित दळवींच्या नाटकामुळे कर्व्यांचे नाव पुन्हा लोकांपुढे आले, याचा मला आनंद आहे. मालतीबाईंवर अजून एक स्वतंत्र पुस्तक यायला हवे असे मला मनापासून वाटते.

हे दोन प्राध्यापक १९३४ साली एका न्यायालयात एकत्र आले. ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि कर्व्यांची बाजू आंबेडकरांनी मांडली. लोक अज्ञानातून प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर देऊ नये का, हा त्या बचावाचा गाभा. निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांच्या राजकारणाच्या दृष्टीने या खटल्यात मिळवण्यासारखे काहीच नव्हते. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आजूबाजूला आधीच पुरेसा विरोध होता. तरी ते उभे राहिले. हा खटला आपल्याकडे लैंगिक शिक्षणाच्या इतिहासात सांगितला जातो. मला तो शिक्षकी पेशाच्या इतिहासातही हवा आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हेच शिक्षकाचे काम, आणि या कामासाठी एका माजी प्राध्यापकाला दंड झाला.

पुण्याकडे एकदा पाहू. फर्ग्युसनमध्ये आजीव सदस्यांची परंपरा होती: वीस वर्षांची बांधिलकी, बेताचे वेतन, आणि मालक म्हणाल तर सदस्य स्वतःच. त्या व्यवस्थेने शिक्षकांना प्रतिष्ठा दिली. पण २२ जुलै १९३१ ला याच कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळी झाडली. सोलापूरच्या मार्शल लॉचा संताप त्यामागे होता. हॉटसन वाचले. त्या दुपारनंतरचा पहिला तास ज्या प्राध्यापकाने घेतला असेल, त्याने फळ्याकडे तोंड केले असेल की मुलांकडे? राजकीय वाद कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवता येतो ही समजूत त्या दिवशी पुस्तकांच्या कपाटांमध्येच मोडली.

आणि ही दिल्ली. तेव्हा मुनिरका हे शेतीवाडीचे खेडे, शहर पार उत्तरेला. दिल्ली विद्यापीठ १९२२ चे. सेंट स्टीफन्स कॉलेज काश्मिरी गेटजवळ होते आणि तिथले प्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्या घरी गांधीजी उतरत. रुद्र १९२५ साली वारले तेव्हा गांधीजींनी लिहिले की असहकाराची कल्पना त्यांच्याच छपराखाली आकाराला आली. मिशनच्या कॉलेजचा प्राचार्य, सरकारमान्य संस्था, आणि घरात हा पाहुणा. स्वतः व्यासपीठावर न जाता घराचे दार उघडे ठेवणे, हाही त्या काळातल्या प्राध्यापकाचा एक मार्ग होता. मी त्याला कमी लेखत नाही.

मित्रहो, मी हा विषय मुनिरक्यात का मांडतो आहे? कारण इथल्या अरुंद गल्ल्यांत, चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या खोल्यांत आज कितीतरी तरुण संशोधक राहतात. त्यांतले काही लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेले आहेत. पीएच.डी. झाली की त्यांच्यातले पुष्कळजण इथे गेस्ट म्हणून किंवा महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवू लागतात. तासाला पैसे, सुट्टीला नाही. पुढच्या सत्रात बोलावणे येईल की नाही हे कुणीतरी एक माणूस ठरवतो. अशा प्राध्यापकाला कुणी गप्प बस असे सांगावेही लागत नाही. खोलीचे भाडे त्याच्या वतीने विचार करते. विद्यापीठांत मोकळा वाद होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी त्या विद्यापीठातल्या नेमणुकांचे कागद पाहावेत. कायम नोकरी मिळालेला प्रत्येकजण निर्भय होतो असे मी म्हणत नाही. उलट उदाहरणे ढीगभर आहेत. पण निर्भय होण्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घेता येतो, तो एका घरावर, एका रमाबाईवर, एका मालतीबाईवर टाकू नये, एवढे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

एक शेवटची हकिगत, कारण ती व्याख्यानांबद्दलच आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी आंबेडकरांना बोलावले. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर मंडळ बिचकले, काही भाग बदला म्हणाले. आंबेडकरांनी एक शब्दही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. मग त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले, पंधराशे प्रती. किंमत आठ आणे. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये उत्तर दिले, आंबेडकरांनी प्रत्युत्तर दिले, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत दोन्ही मजकूर एकत्र छापले गेले. हे सगळे लॉ कॉलेजचे प्राचार्य असताना. ज्या मंडळाने आज मला मसुदा न मागता बोलावले, त्याचे आभार मी याच संदर्भात मानतो.

आणि मंडळाला एक विनंती. दिल्लीत गेल्या काही पिढ्यांत मराठी घरांतून पुष्कळ प्राध्यापक, शिक्षिका होऊन गेल्या. त्यांची पुस्तके कुठेतरी सापडतील. पण नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या, घरखर्चाच्या वह्या, तासांची वेळापत्रके, राजीनाम्यांच्या प्रती आणि न पाठवलेली पत्रे घर आवरताना रद्दीत जातात. ज्या घरी अशी कागदपत्रे असतील त्यांनी ती फेकू नयेत. मंडळाने एक कपाट आणि एक वही ठेवावी. देणाऱ्याच्या इच्छेने, नाव झाकायचे असेल तर झाकून, ती नोंदवून घ्यावीत. वहीत घरच्या माणसांसाठी वेगळा रकाना असावा: पगार पुरवला कुणी, आणि त्यासाठी काय सोडले. पहिल्या नोंदीसाठी माझ्या स्वतःच्या नेमणुकीचे पत्र मी आज बरोबर आणले आहे. सभा संपल्यावर ते कार्यवाहांकडे देतो.